शिडाची दोरी

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर राजारामपुरीतल्या घरी परतले, तर लिफ्ट बंद. वॉचमन म्हणाला, “आजी, खुर्चीतनं उचलून न्हेतो की!” “उचलायला मी गणपती हाय व्हय?” म्हणत पायरीवरच बसले. लेकीनं वरून कपडे वाळत घालायची दोरी सोडून आणली. ती मूळची आमच्या शिडाच्या बोटीची. यजमान खलाशी, सुट्टीत आम्ही तिघं अंदमानच्या बेटांवर हिंडायचो. एका डोंगरावर घसरून नऊ वर्षांची लेक रडायला लागली, तेव्हा ह्यांनी याच दोरीनं तिघांना एकत्र बांधलं, स्वतः शेवटी राहिले. “खाली बघायचं न्हाय. मागं मी हाय.” शिखरावरून बोट तांदळाएवढी दिसली. सहा वर्षांपूर्वी हे गेले. आता लेकीनं एक गाठ आपल्या कमरेला मारली, दुसरी माझ्या. उरलेलं टोक माझ्यामागं मोकळं सोडलं. “ते अप्पांचं,” म्हणाली. तीन मजले चढले. एकदाही खाली पाहिलं नाही.