शेऱ्याचं पान

सिस्टरने वही चाळली आणि नोंदींच्या शेवटच्या पानावर तिचं बोट थांबलं. अकरा रकाने कोरे होते.

गुडघेदुखीवरच्या नव्या गोळीची चाचणी चालू होती. रोज संध्याकाळी वहीत शून्य ते दहापैकी एक आकडा लिहायचा, आज किती दुखलं त्याचा. समोर बसलेल्या टेलरमास्तरांचे गुडघे चाळीस वर्षं पायमशीन चालवून कामातून गेले होते. पण वहीत पहिल्या दिवसापासून आकडा एकच, तीन. अक्षर त्यांच्या बायकोचं, मोत्यासारखं. अंथरुणाला खिळली होती तरी वहीचा ताबा बाईने सोडला नव्हता.

"काका, हे दिवस भरायचे राहिले. सध्या किती दुखतंय?"

"आठ."

"एकदम तीनवरून आठ?"

"आधीपण आठच होतं." मास्तर खाली बघत म्हणाले, "ती वर खोलीत, मी खाली दुकानात. मध्ये सोळा पायऱ्या. खरं सांगितलं असतं तर तिने पाण्याचा घोटसुद्धा मागितला नसता. रोज विचारायची, किती लिहू? मी म्हणायचो, तीन लिही. आता ती गेली. आता कुणाशी खोटं बोलायचं?"

सिस्टरला वाईट वाटलं, आणि थोडा रागही आला. बारा आठवड्यांची मेहनत पाण्यात गेली होती. वही बाद करावी लागणार होती. पण बाद करण्याआधी मागचं शेऱ्याचं पान बघायचा नियम होता. ते पान सगळेच कोरं ठेवतात. हे भरलेलं होतं.

"हे वाचलंत तुम्ही?"

"छे. वही तिची. मी हात लावला असता तर खैर नव्हती."

सिस्टरने वाचून दाखवलं. 'हे तीन सांगतात. जिन्यात दर पायरीला थांबतात, ते मला वर ऐकू येतं. कृपया आठ धरावे.'

मास्तर हसले. डोळे भरून आले तरी हसतच राहिले. "वस्ताद बाई. माझं माप चुकलं तरी लांबून ओळखायची."

खाली आणखी दोन ओळी होत्या. त्या मोठ्याने वाचणं सिस्टरच्या जिवावर आलं. तिने वही त्यांच्यापुढे सरकवली. मास्तरांनी चष्मा लावला आणि बोट ठेवून एकेक शब्द वाचला.

'पाचव्या आठवड्यापासून दुपारचा चहा बंद केला आहे. आता आवडत नाही असं यांना सांगितलं.'

त्यांनी वही मिटली. ती मांडीवर ठेवली.

"मला खरंच वाटलं ते," मास्तर म्हणाले. "बरंसुद्धा वाटलं हो, सिस्टर. म्हटलं, चला, एक खेप वाचली."