गॅस आणि पेट्रोल

किक मारून मारून प्रभुदेसाईंचा पाय भरून आला. दोन महिन्यांनी आज स्कूटर बाहेर काढली होती. प्लग पुसला, गाडी तिरकी करून पाहिली, पण इंजिन हूं की चूं करेना. शेवटी त्यांनी कोपऱ्यावरच्या नव्या मेकॅनिकला बोलावलं.

त्यानं कार्बोरेटरची नळी काढली. नळी कोरडी ठणठणीत. मग सीटखाली हात घालून तो हसला. "काका, पेट्रोलचा कॉक बंद आहे. कोणी केला?"

"आमच्या हिनं."

गाडी अंगणात लागली की ती वाकून कॉक बंद करायची. सकाळी उघडायचीही तीच. "गॅस आणि पेट्रोल, रात्री दोन्ही बंद हवं," म्हणायची. शेवटच्या वेळी दवाखान्यातून आल्यावर तिला धड उभं राहवत नव्हतं, तरी ती वाकली होती. त्या रात्री झोपली ती उठलीच नाही.

मेकॅनिकनं कॉक उघडला. एका किकमध्ये स्कूटर सुरू झाली.

"काकूंची सवय चांगली आहे," हात पुसत तो म्हणाला. "फक्त बंद केला की सांगत जा म्हणावं."

प्रभुदेसाईंनी मागच्या सीटवरची धूळ झटकली.

"तिचं सांगायचं राहूनच गेलं."