महाराणीला सवत

अमेरिकेत गावोगावच्या बँका एकेकाळी स्वतःच्या नावाच्या नोटा काढायच्या. आमच्या आयोवातल्या गावची जगात एकच उरली होती; ती नेमकी शेजारच्या ऑर्विलकडे. जुन्या नोटांच्या दर प्रदर्शनात तो तिला 'माझी महाराणी' म्हणत मिरवायचा; घरी येऊन मी धड जेवायचो नाही. बायको नुसती बघत राहायची. मग आजीच्या बायबलमध्ये मला तशीच दुसरी सापडली. एकीच्या दोन झाल्या की दोघींचीही किंमत निम्मी. आपलं नाक कापून ऑर्विलला अपशकुन होत असेल, तर नाक गेलं खड्ड्यात! घरातही सांगितलं नाही. आजच्या प्रदर्शनात सगळ्यांदेखत ती त्याच्यापुढे आपटली. "घे, तुझ्या महाराणीला सवत आणलीय!" भिंगातून बघून ऑर्विल पोट धरून हसला. "अरे, मी माझी कालच विकली. पुऱ्या किमतीला." "कोणत्या मूर्खाला?" त्याने कॉफी ओतणाऱ्या माझ्या बायकोकडे पाहिलं. "हळू बोल. परवा तुझा वाढदिवस आहे ना?"