हळू चालवलेली गाडी

“रेस द्या,” मेकॅनिक म्हणाला.

लेकीनं पाय दाबला. सायलेन्सरमधून काळ्या धुराचा लोट निघाला आणि गॅरेजच्या पांढऱ्या भिंतीवर ताटाएवढा डाग उमटला. लेकीनं खिडकीतून मान बाहेर काढून आईकडे पाहिलं. बघ, सांगत नव्हते मी, असा तो चेहरा होता.

सकाळीही असंच झालं होतं. सुट्टीला आलेल्या लेकीनं बाबांची गाडी काढली आणि पुलाच्या चढावर जरा पळवायला गेली, तर मागे काळोख. मागच्या स्कूटरवाल्यानं पुढे येऊन तिच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तेव्हापासून किल्ली तिच्याकडेच होती. गाडी विकून टाकायची आणि बाबांचं गाडी चालवणंही बंद, असा दुहेरी निकाल तिनं घरी येऊन जाहीर केला होता. तसंही बाबा आता चालवतात कुठे, ढकलतात. या मताला खतपाणी आईनंच घातलेलं. तुझे बाबा पार भित्रे झालेत गं, गतिरोधक दिसायच्या आधीच ब्रेक मारतात, सायकलवाले आम्हाला मागे टाकून जातात, हे ती दर फोनला सांगायची.

बाबाही सोबत आले होते. गॅरेजच्या दारात ते स्वतःच्याच गाडीकडे पाहुण्यासारखे बघत उभे होते. किल्ली हातात नसल्यामुळे त्यांना हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं.

मेकॅनिकनं बॉनेट उघडलं. एअर फिल्टर काढून उजेडात धरला, प्लग पाहिले, कॉम्प्युटर लावून त्याच्याकडे बघत नुसतंच हुं हुं केलं. मग चाकं काढून ब्रेकही पाहिले. त्याला कसलीच घाई नव्हती. लेकीला होती. इंजिन गेलं ना, असं तिनं शेवटी विचारलंच.

इंजिन ठणठणीत होतं. मेकॅनिकनं हात पुसत समजावून सांगितलं की जोरात रेस दिली की इंजिन जास्त ताकद काढायला हवेच्या मानानं पेट्रोल जास्त घेतं. ते सगळं नीट जळत नाही, त्याची काजळी होते. आजकालच्या पेट्रोलच्या गाड्यांतही थोडी होतेच. गाडी अधूनमधून पळाली की पाइप तापतो आणि काजळी निघून जाते. ही गाडी कधी पळालीच नव्हती. जवळच्या जवळ, हळूहळू, एवढंच तिला ठाऊक. म्हणून सगळी काजळी आत साठत राहिली आणि आज पाय पडल्याबरोबर एकदम बाहेर आली. मोकळ्या रस्त्यावर नेऊन पळवा, तो म्हणाला, आणि तरीही धूर थांबला नाही तर परत आणा.

मग तो ब्रेककडे बोट दाखवून बाबांकडे वळला.

“इतक्या वर्षांची गाडी आणि ब्रेक अजून नव्यासारखे. एवढं जपून चालवताना मी कुणाला पाहिलं नाही. आत तान्हं मूल असायचं का?”

लेक हसली. घरातलं तान्हं मूल म्हणजे तीच, आणि तिचे आता केस पिकायला लागले होते.

आई हसली नाही. ती गाडीच्या पुढच्या सीटकडे बघत होती. तिथं पाठीला लावायची उशी होती, तिच्या कण्याच्या ऑपरेशननंतर आणलेली. कव्हर विटलं होतं, पण उशी जागची हलली नव्हती. हिला जराही धक्का बसता कामा नये, असं डॉक्टरांनी तेव्हा बजावलं होतं. पुढे ती बरी झाली, जिने चढू लागली, बाजारातून पिशव्या आणू लागली आणि ते सगळं विसरून गेली.

“अहो,” ती म्हणाली, “डॉक्टरांनी किती दिवस सांभाळायला सांगितलं होतं?”

बाबांनी भिंतीवरच्या डागाकडे पाहिलं. “काही महिने.”

“मग?”

“मग आता पुरे, असं कुणी म्हणालं नाही.”

इतक्या वर्षांत आपल्याला एकही धक्का बसला नाही, आणि न बसलेले धक्के आपण कधी मोजलेच नाहीत, हे आईला आत्ता कळत होतं. तिचे डोळे भरून आले. ते लपवण्याच्या भानगडीत ती पडली नाही.

लेकीनं गाडीची किल्ली काढली आणि बाबांच्या हातात दिली.

“मी मागे बसते,” ती म्हणाली.

गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्याला लागल्यावर आईनं पाठीमागची उशी काढून मांडीवर घेतली.

“द्या आता रेस.”

“पाठ?”

“पाठ केव्हाच बरी झालीय. तुम्ही केलीत. द्या.”

बाबांनी पाय दाबला. लेक मागच्या काचेतून बघत होती. एक काळा लोट, पाठोपाठ दुसरा, मग राखाडी, मग विरळ. बाबांचा पाय तसाच राहिला, उलट जरा खालीच गेला. आईनं खिडकी उघडली आणि वाऱ्यानं तिचे केस विसकटून टाकले. थोड्या वेळानं मागे नुसता रस्ता उरला.

परतताना घराजवळच्या रस्त्यावर गतिरोधक आला. तो यायच्या बऱ्याच आधी बाबांचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. गाडी रांगत रांगत त्याच्यावरून गेली. तेवढ्यात एक सायकलवाला घंटी वाजवत त्यांच्या बाजूनं पुढे निघून गेला. आता आई सुरू होणार म्हणून लेक मागे सावरून बसली.

“जाऊ दे त्याला,” आई म्हणाली.