अठ्ठाविसावं बाळ

विमान वर चढून पाऊण तासही झाला नसेल, तोच बाळाने पहिली ओकारी काढली. आंबट, फाटलेल्या दुधासारखी. मावशींच्या खांद्यावरून ओघळत ती कोपरापर्यंत आली आणि तिथेच गार होत बसली.

मावशींनी पुसायची घाई केली नाही. आधी नाक जवळ नेऊन नीट वास घेतला. पोटात चांगलं ढवळून आलं, तेव्हा कुठे त्यांनी रुमाल काढला.

ही त्यांची जुनी पद्धत. दत्तक दिलेली बाळं दूरदेशीच्या आईबापांच्या हाती नेऊन द्यायची, हे त्यांचं काम. संस्थेत अशा बायकांना पोचवणाऱ्या म्हणत. मावशींनी सत्तावीस बाळं पोचवली होती. पहिल्याच खेपेला मात्र फजिती झाली होती. चौदा तास बाळाला छातीशी धरलं, त्याचं तोंड न्याहाळत बसल्या, आणि द्यायच्या वेळी हातच सुटेनात. बाळाने आकांत मांडला, नवी आई रडकुंडीला आली, आणि शेवटी एका पहारेकऱ्याने मावशींची बोटं एकेक करून सोडवली. पुढे कित्येक दिवस त्यांना जेवण गेलं नाही.

तेव्हापासून नियम ठरला. बाळाच्या तोंडाकडे बघायचं नाही. त्याच्यातून जे बाहेर येतं, त्याकडे बघायचं. नव्या पोचवणाऱ्यांनाही त्या हेच शिकवायच्या. किळस आली की हात आपोआप सुटतात.

या खेपेलाही एवढंच साधायचं होतं.

शेजारी फरशांचा एक व्यापारी बसला होता. मोजे काढून त्याने पाय ऐसपैस पसरले होते, आणि त्या पायांचा वास बाळाच्या वासात मिसळून तिसरंच काहीतरी तयार झालं होतं. तोंडातला घास न गिळताच त्याने विचारलं, "नात वाटतं?"

"संस्थेचं बाळ आहे," मावशी म्हणाल्या. "पोचवायला चाललेय."

मग त्याने त्यांची सगळी कुंडलीच मांडायला घेतली. मावशींनी थोडक्यात आटपलं. काम खरं तर दोन वर्षांपूर्वीच सोडलं होतं, गुडघे साथ देईनात. पण घरी बसून कंटाळा आला, म्हणून ही एक खेप मागून घेतली. हौस दांडगी आहे तुमची, असं म्हणून तो हसला. त्याच्या दातांत हिरवं काहीतरी अडकलं होतं. मावशींना त्याचीही किळस आली, पण ती काही कामाची नव्हती.

तिसऱ्या तासाला बाळाने लंगोट भरला. भरला म्हणजे थेट पाठीवरून मानेपर्यंत पिवळं गेलं. विमानातला संडास एवढासा, अंग वळवायला जागा नाही. जमीन कुणाच्या तरी बेफिकिरीने ओली, बेसिनला कुणाचा तरी लांब केस चिकटलेला. मावशींनी बाळाला फळीवर उताणं टाकलं आणि एकेक वळी उघडून बघितली. मांडीच्या वळीत घाण. कानामागे मळ. टाळूवर तेलकट पिवळ्या खपल्या. मानेच्या वळीत मुरलेलं दूध, त्याला कुबट वास.

"शी," त्या म्हणाल्या. "घाणेरडं कार्टं."

बाळ खुदकन हसल्याचा आवाज आला. मावशींनी मान वर केली नाही. लंगोटाकडे बघत राहिल्या.

भरलेला लंगोट त्यांनी पिशवीत बांधला, पण टाकला नाही. पिशवी आपल्या पायाशी ठेवली. हवाईसुंदरी दोनदा मागायला आली. राहू द्या, म्हणाल्या. दुपारी बाळ झोपेत त्यांच्या अंगाला घट्ट बिलगलं, तेव्हा त्यांनी वाकून पिशवीचं तोंड सैल केलं आणि खोल श्वास घेतला. डोळ्यांत पाणी येईपर्यंत घेतला. व्यापाऱ्याने नाकाला रुमाल लावला आणि तणतणत दुसरी जागा मागून घेतली. उरलेल्या प्रवासात मावशींनी ती पिशवी आणखी चार वेळा उघडली. आधीच्या सत्तावीस बाळांना मिळून इतकं करावं लागलं नव्हतं.

उतरल्यावर त्यांनी बाळाला ओल्या फडक्याने पुसलं, कोरडं केलं, नवं झबलं चढवलं. सगळं समोरच्या भिंतीकडे बघत केलं. हातांना सवय होती.

बाहेर नवरा-बायको ताटकळत उभे होते. दोघांचेही चेहरे जागरणाने सुजलेले. कागदांवर सह्या झाल्या. बायकोने चाचरत विचारलं, बाळाच्या आईबद्दल काही कळेल का, म्हणजे पुढे हिला सांगायला.

"आम्हाला सांगत नाहीत," मावशी म्हणाल्या आणि बाळ पुढे केलं.

हात सुटले. अगदी अलगद सुटले. बाळ रडलंसुद्धा नाही. नव्या आईने त्याच्या मानेच्या त्याच वळीत नाक खुपसलं आणि डोळे मिटून घेतले. किती छान वास येतोय, असं ती नवऱ्याला म्हणाली. मावशी पाठ फिरवून चालू लागल्या.

बेसिनवर त्यांनी कोपरापर्यंत हात धुतले. साबणाने तीनदा धुतले, तरी वास जाईना. मग तिथेच भिंतीला टेकून त्यांनी घरी फोन लावला. लेकीने लगेच उचलला.

"पोचवलं," मावशी म्हणाल्या.

"रडली?"

"नाही."



"आई, मला तर ती दाखवलीच नाही कुणी. तू चौदा तास बघितलंस. माझ्यावर गेलीय का गं?"