नै म्हणणारं शहर

गाडी विमानतळाबाहेर पडून शेख झायेद रोडला लागली, तरी शैलेंद्रने मुख्य गोष्ट विचारली नव्हती. मागच्या सीटवर त्यांची मुलगी शुभ्रा कानांत इयरफोन घालून, डोळे मिटून बसली होती. आरशात तिच्याकडे एकदा बघून घेत त्याने बायकोला हळूच विचारलं, "कसं काय होतं थेसालोनिकी?"

"शहर छान आहे," अनुराधा म्हणाली. "जुनं बंदर. कुठून कुठून माणसं आली, राहिली. एक गोल इमारत बघितली. आधी रोमन लोकांची, मग चर्च, मग मशीद, आता परत चर्च. मिनार तसाच ठेवलाय बाजूला. सगळ्यांना सामावून घेतलंय बघ. मला फार बरं वाटलं तिथे."

"आणि माणसं?"

"माणसं तेवढी तिरसट. कॉफी मागितली की वेटर आधी नै म्हणणार, मग निमूट आणून ठेवणार. टॅक्सीवाला नै म्हणणार आणि दार उघडणार."

"म्हणजे आपलं पुणंच की."

अनुराधा हसली नाही. चार दिवसांची ही फेरी काही इमारती बघण्यासाठी नव्हती. शुभ्राला तिच्या ऑफिसातल्या स्टॅव्रोसशी लग्न करायचं होतं. त्याला वाढवलं आजीने, आणि घरात शब्द तिचाच चालायचा. म्हणून ही मायलेकींची जोडी त्याचं घर बघायला गेली होती.

"आजी काय म्हणाल्या?"

"नको म्हणाल्या."

शैलेंद्रने गाडीचा वेग कमी केला.

"काल ही दोघं समुद्रावर फिरायला गेली, तेव्हा मी सरळ विचारलंच. फोनमध्ये दोघांचा फोटो दाखवला, म्हटलं, मॅरेज, ओके? माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाल्या, नै, नै, नै. डोळ्यांत पाणी होतं बिचारीच्या. मलाच पुढे बोलवेना."

"नीट ऐकलंस ना?"

"त्यात काय ऐकायचंय? नो, नहीं, नाही. जगात कुणालाही कळेल." मग तिचा आवाज जरा सैल झाला. "खरं सांगू? सुंठीवाचून खोकला गेला. पुण्यात सगळ्यांना काय सांगायचं, हा प्रश्नच मिटला. आपल्याला वाईट व्हायला नको, तिकडूनच नकार आला. खलास."

पोरगा शैलेंद्रला आवडला होता. गणपतीत घरी येऊन आरतीला झांज वाजवून गेला होता, बेताल, पण मनापासून.

"आई," मागून शुभ्रा म्हणाली. इयरफोन तिच्या हातात होते. "ग्रीकमध्ये नै म्हणजे यस."

अनुराधा वळली. "काय?"

"नै मीन्स यस. वेटर यस म्हणत होता. टॅक्सीवालासुद्धा." शुभ्रा चिडली असती तर सोपं झालं असतं. ती चिडली नव्हती. "आजी तुला तीनदा हो म्हणाल्या. रडत."

शैलेंद्रला हसू फुटत होतं. बायकोचा चेहरा दिसला आणि त्याने ते गिळलं.

"अगं, मला खरंच वाटलं की..."

"आय नो. पण तुला बरं वाटलं ना, आई. मी ऐकलं." शुभ्रा जरा पुढे सरकली. "आजींचं यस आहे. माझं आहे. बाबा, तुमचं?"

"माझं काय," रस्त्याकडे बघत शैलेंद्र म्हणाला, "मुलगा चांगलाच आहे."

"मग नाही कोण म्हणतंय?"

मरीनाचे टॉवर दिसायला लागले. घराकडे वळायचा फाटा आला आणि गाडी वळली. आपल्याला एवढी लाज कशाची वाटतेय ते अनुराधाला कळत होतं, आणि ते मुलीसमोर कळत होतं.

"मी," शेवटी ती म्हणाली. "ते मला आत्ता कळलं."