सहावा मासा

जेलवर यकृताचा रकाना पुन्हा कोराच निघाला. एक नाही, दोन नाही, पाच माशांचा. सहाव्या माशाच्या रकान्यात मात्र लख्ख पट्टा दिसत होता.

संशोधक मुलीनं कपाळाला हात लावला. तिचा विषय होता, जेवणातून आलेली साखर यकृतात साठवायला मदत करणारं एक एन्झाइम. त्याचा जीन तिनं माशाच्या शेपटीच्या तुकड्यातून मिळवून क्लोन केला, त्यातच दोन वर्षं गेली. आता तो कुठल्या अवयवात जागा असतो, एवढंच दाखवायचं होतं; जागा असला की जेलवर त्या अवयवाच्या रकान्यात पट्टा उमटतो. मेंदूत नाही, कल्ल्यात नाही, ठीक आहे. पण यकृताचं एन्झाइम यकृतातच नाही? नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा!

सरांनी जेलचा फोटो उजेडात धरला. सहाव्यात तुझ्याच हातून काहीतरी मिसळलंय, तो काढून टाक, म्हणाले. शनिवारपर्यंत बाकीच्यांत काही दिसलं नाही तर विषय बदलायचा. तीन वर्षं पाण्यात गेली, तीही माशांच्या टाकीतल्या. तिला रडूच येणार होतं.

ती टाक्यांच्या खोलीत गेली. माशांचं सगळं बघणारे मामा पुढच्या खेपेचे मासे सोडलेल्या टाकीची काच घासत होते. टाकीवर सरांच्या अक्षरातली चिठ्ठी होती, ‘कापण्याआधी दोन दिवस उपाशी ठेवणे.’ आतडी रिकामी असली की काम स्वच्छ होतं, हा तिथला जुना नियम. तिनं सहजच विचारलं, सहावा मासा याच टाकीतला होता ना?

मामांचा हात थांबला.

“ताई, पाच तुम्ही आदल्या दिवशी नेलेत. हा एकटाच उरला होता. सकाळी काचेला तोंड लावून माझ्याकडे बघत बसला. मला नाही राहवलं. चिमूटभर खाणं टाकलं. मरणाऱ्याला उपाशी कसं पाठवायचं?”

चूक झाली, सरांना खुशाल सांगा, असंही ते म्हणाले. आता त्यांच्या निवृत्तीला चारच महिने राहिले होते.

ती चिठ्ठीकडे वळली. पोटात अन्नच नाही, तर साखर कुठून येणार? आणि साखर नाही, तर तो जीन जागा होईल कशाला?

तिनं टाकीवरची चिठ्ठी नखानं सोडवली आणि खिशात घातली.

“मामा, चिमूटभर नको,” ती म्हणाली. “उद्या सकाळी सगळ्यांना पोटभर घाला.”